सुंदराकाकीची पानवेल

लालबागच्या आमच्या चाळीत सुंदराकाकीशी भांडून कुणी जिंकलेलं नाही. वेंगुर्ल्याची विधवा बाई, आवाज गिरणीच्या भोंग्याच्या वर. गॅलरीत रॉकेलच्या डब्यात तिची माहेरची पानवेल होती. पानवेलीला दमट ऊब लागते. मुंबईत एरवी भागतं, पण पौषात उत्तरेचं वारं सुटलं की पानं काळी पडून वेल बसते. दोन वेली तशाच मेल्या होत्या. ही तिसरी, आणि माहेरची बाग विकलेली, म्हणजे चौथी मिळणार नव्हती. म्हणून दिवस कलला की काकी वेलीला गोणपाट गुंडाळायची, शेजारी शेगडी ठेवायची.

"काकी, स्वेटर विणा तेका!" शेजारचा लवू चिडवायचा.

"तुझ्या मढ्याक विणतंय!"

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि लालबाग पेटलं. त्या संध्याकाळी नाक्यावर गोळी चालली. लवू आणि चारजण धावत वर आले, गॅलरीतून दगड सुरू. खालून अश्रुधुराचं नळकांडं आमच्या मजल्यावर येऊन फुसफुसायला लागलं. पोरं ओकायला लागली.

"ओला गोणपाट! काकी, दी लवकर!" लवू ओरडला.

काकीने एकदा वेलीकडे बघितलं. मग गोणपाट ओरबाडलं, पिंपात बुचकळलं, नळकांड्यावर आपटलं आणि वर पाय देऊन उभी राहिली. "फुसफुस मेल्या आता!"

तोवर पोलीस जिना चढले. पुढे साताऱ्याकडचा हवालदार. "कुनी मारला दगूड? बोल, म्हातारे!"

"तुझ्या आवशीन!"

त्याने लाठी डब्यावर हाणली. डबा फुटला, माती सांडली, वेल मुळाशी तुटली. काकीने पेटती शेगडी उचलून त्याच्या छातीवर फेकली. "आयाऽऽय गंऽऽ!" सगळा साताराच किंचाळल्यासारखा. दुसऱ्याच्या लाठीने काकीचं मनगट मोडलं, लवूचं डोकं फुटलं. काकीने खाली पडल्यापडल्या धडक्या हाताने वेलीचं एक पेर खुडलं.

इस्पितळात वॉर्ड भरलेले. दोघांना व्हरांड्यातच निजवलं. मनगटाला प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "बाई, दुसरा हात चोळीतून काढा बघू."

"नाय. ह्येका थंडी लागता."

रात्रभर ती ओल्या प्लास्टरने कुडकुडली, पण हात काढला नाही. सकाळी हात बाहेर काढून मुठीतल्या पेरावरची चिंधी सोडली. पेराचा डोळा हिरवा होता.

"लवू, माती घेवन ये."

"भायर कर्फ्यू आसा, काकी. माका गोळी लागली तर?"

"मगे धाव. हकडे वेल सुकता."