सरपंचाचं माप

पनवेलच्या भाजी मार्केटमागे गुरुदत्त घरत शाळेचे गणवेश शिवतो. वाढत्या अंगाचं माप घ्यावं तर त्यानेच, असं पार कोन गावापर्यंत म्हणतात. पॅन्टच्या पायाला तो आतून चार बोटं कापड दुमडून ठेवतो. पुढच्या जूनमध्ये शिवण उसवली की तीच पॅन्ट पोराला पुन्हा येते.

दीड वर्षापूर्वी त्याची मुलगी प्राची पुण्याला नोकरीला गेली. तिथे खोलीवर जनावर चालत नव्हतं, म्हणून आपला बिअर्डेड ड्रॅगन तिने बापाच्या दुकानात ठेवला. हा परदेशी सरडा तेव्हा वीतभर होता. गळ्याखाली काटेरी दाढी, चेहरा करारी, म्हणून नाव सरपंच. जाताना तिने कागदावर लिहून दिलं, ‘काचेचं घर चार फूट लांब, दोन फूट रुंद. याहून लहान नको, बाबा. तो वाढणार आहे.’

काचवाल्याने विचारलं, “मामा, लांबी किती धरू?”

गुरुदत्तने भिंतीकडे पाहिलं. कपाट आणि कापड बेतायचं टेबल यांच्यामध्ये अडीच फूट जागा होती. चार फूट हवी तर टेबल दीड फुटाने कापायला लागलं असतं. सात फुटांचं अखंड सागवानी टेबल, आळीत तसं दुसरं नव्हतं. एवढासा तर जीव, असं मनाशी म्हणत तो बोलून गेला, “अडीच.”

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. “चार फूटच केलंत ना, बाबा?”

“हो, हो.”

त्या दिवसापासून तो तिला सरपंचाचे फोटो पाठवायचा, पण फक्त तोंडाचे, अगदी जवळून काढलेले.

सरपंच हातभर वाढला. सकाळी दुकान उघडलं की तो मागच्या पायांवर उभा राही आणि पुढचे पंजे काचेवर मारत इकडून तिकडे धावे. “राम राम, सरपंच,” गुरुदत्त म्हणायचा. गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, “बघा, मला ओळखतो.”

मग एक दिवस सरपंचाच्या नाकावर खपली दिसली. जनावरांच्या डॉक्टरांनी नाक बघितलं आणि विचारलं, “घर केवढं आहे याचं?”

गुरुदत्तने सांगितलं.

“याला धड वळता तरी येतं का त्यात? काचेवर नाक घासतोय. बाहेर पडायला बघतोय तो.”

वर्षभर गुरुदत्त या धडपडीला राम राम घालत आला होता.

घरी बायकोला, कुमुदला, त्याने सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दुनियेच्या पोरांना चार बोटं वाढवून देताव, आन पोरीच्या जिवाला नाय दिलीत. टेबल काय वर घेऊन जानार हाव?”

दुसऱ्या दिवशी त्याने सुताराला बोलावलं, आणि करवत लागायच्या आधी प्राचीला फोन लावला. “मी खोटं बोललो तुझ्याशी,” तो म्हणाला. “अडीच फुटांचंच केलं होतं. आता टेबल कापून चार फुटांचं करतोय.”



“नाक दाखवा,” ती म्हणाली. त्याने व्हिडिओवर दाखवलं. ती बघत राहिली. मग तिने विचारलं, “टेबल किती उरेल?”

“साडेपाच.”

“कापड कसं बेताल?”

“दोनदा सरकवून.”

“बरं,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

नवं घर आलं तेव्हा त्याने आधी टेपने सरपंचाचं माप घेतलं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, आणि मापांच्या वहीत पोरांच्या नावांखाली लिहिलं. एकोणीस इंच.

आठवडाभराने त्याने सकाळी दुकान उघडलं. सरपंच पार टोकाला उबेच्या दिव्याखालच्या दगडावर पसरला होता. तो काचेकडे आला नाही. त्याने मानही वळवली नाही. गुरुदत्तच्या ओठांवर राम राम आला होता, तो त्याने गिळला आणि कापड सरकवायला घेतलं.