माका

आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिच्या जिभेवर एकच शब्द उरला, माका. भरवताना माका, कूस बदलताना माका. डॉक्टर म्हणाले, असा एखादा शब्द राहतो, अर्थ काढत बसू नका. मी काढला. शहाणपणाची मला भारी हौस.

आमच्याकडे डोक्याला विकतचं तेल कधी आलं नाही. आई शेताच्या मेरेवरचा माका उपटून आणायची, रस काढून खोबरेलात आटवायची. तेव्हा ती तेलच मागतेय, यात मला शंका वाटली नाही. रत्नागिरीच्या दुकानातली बाटली तिला चालली नसती. मी चिखलात उतरले, पांढऱ्या फुलांचा माका आणला, पाट्यावर वाटला, तेलाची चुरचुर थांबेपर्यंत चुलीपाशी बसले. हात काळे झाले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रोज दुपारी तिच्या टाळूवर तेल जिरवायचे. ती मान फिरवायची, चांगल्या हाताने माझा हात ढकलायची आणि पुन्हा म्हणायची, माका. "अगं, तेच लावतेय ना," मी खेकसायचे. पुढे तिने ढकलणं सोडलं. मी शेजारणीला सांगितलं, तेलाने शांत वाटतंय तिला. सोळाव्या दिवशी ती गेली.

दहाव्याला देवगडहून मामा आला. गुडघ्यांमुळे त्याला आधी येता आलं नव्हतं. मी चहा पुढे केला.

"चाय नको गो. माका वायच पाणी दी."

माका म्हणजे मला. मला काय हे ठाऊक नव्हतं? लहानपणी मामा असं बोलला की आम्ही भावंडं परसातला माका उपटून त्याच्या हातावर ठेवायचो आणि हसत लोळायचो. आईसुद्धा हसायची. तिच्या मालवणीची सासरी टिंगल झाली म्हणून तिने ती कधीच टाकली होती. पन्नास वर्षांत तिच्या तोंडून मी 'मला'च ऐकलं.

मामाला पाणी दिलं.

तिलाही पाणीच हवं होतं का? की उशी खुपत होती? सोळा दिवस ती 'मला' एवढंच म्हणत होती आणि पुढचं विचारायचं सोडून मी तिच्या डोक्यावर तेल ओतत होते. काय हवं होतं ते आता कोण सांगणार? तेल नको होतं, एवढंच कळलं.