पेंडीच्या पारड्यातलं लोखंड

"बशीरभाई, माझ्या पेंडीत लोखंड कशापायी घातलं?"

धुरपदामावशींचा आवाज दौंडच्या अर्ध्या पेठेत गेला असावा. एका पारड्यात नऊ किलोचं वजन होतं. दुसऱ्यात पेंड, आणि पेंडीशेजारी तीन किलोचं अन् एक किलोचं वजन. मावशींना म्हशीसाठी पाच किलो पेंड हवी होती. दांडी अगदी सरळ होती. हिशेबही बरोबर होता. ही सगळी करामत माझी होती.

मी तेव्हा पुण्यात एका संस्थेत ज्युनिअर इंजिनिअर होतो. आम्ही एक लहान कॉम्प्युटर बांधत होतो. कॉम्प्युटर आकडे विजेच्या रूपात धरून ठेवतो. नेहमीची पद्धत बायनरी. वीज आहे किंवा नाही, दोनच अवस्था. त्यात आकड्याच्या जागांची वजनं, म्हणजे किमती, दुपटीनं वाढतात: १, २, ४, ८. दुसरी पद्धत टर्नरी. तिच्यात तीन अवस्था: अधिक, शून्य, उणे. वजनं तिपटीनं वाढतात: १, ३, ९. पाच लिहायचे तर बायनरीत चार अधिक एक. टर्नरीत नऊ उणे तीन उणे एक. तेरापर्यंत मोजायला तिथं चार जागा लागतात, इथं तीन. उणे संख्येला वेगळी खूणही नको. रशियात असं यंत्र चालतं, असं मी वाचलं होतं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

साहेब म्हणाले, "तुमचं टर्नरी मीटिंगमध्ये मांडू. पण आधी इंजिनिअर नसलेल्या एका माणसाला पटवून दाखवा. यंत्र क्लार्क वापरणार आणि मेकॅनिक दुरुस्त करणार."

"सोमवारी सांगतो, सर."

मला दौंडचे दुकानदार बशीरचाचा आठवले. माझे वडील रेल्वेत खलाशी. घरात पदवीधर झालेला मी पहिला. मॅट्रिकपर्यंत शिरूरला आत्याकडे होतो. सुट्टीत घरी दौंडला आलो की चाचांच्या दुकानात बसायचो. पुड्यांच्या रद्दीतले पाठकोरे कागद ते माझ्यासाठी बाजूला ठेवत. माझं निम्मं बीजगणित त्या कागदांवर झालं आहे. हे उपकार फेडायचे नसतात, पण निदान काहीतरी नवं दाखवावं असं वाटे.

वर्कशॉपमधून तीन लोखंडी ठोकळे घासून बरोबर वजनाचे करून घेतले. ती पिशवी घेऊन दौंडला उतरलो. हमालानं ती उचलून पाहिली. "सायेब, पिशवीत इंजिन हाय का काय?"

दुकानात आधी वाळू तोलून दाखवली. चाचा हरखले. "म्हंजी चार वजनांचं काम तिनात? अरे बेटा, इतके दिवस कुठं हुतास?"

ठरलं होतं फक्त वाळूचं. पण तेवढ्यात खुटबावच्या धुरपदामावशी आल्या आणि चाचांना राहवलं नाही.

"अवं, ही नवी रीत हाय," चाचा समजावू लागले. "पेंडीबरूबर चार किलो लोखंड. नवातनं चार गेलं, ऱ्हायलं पाच."

"आन् ते चार मी म्हशीला चारू व्हय?"

"मावशी, लोखंड परत काढून घेतात," मी म्हणालो.

"तू गप. आधी सरकारनं शेराचा किलो केला. आता तुमी किलोचं काय करताय?"

मावशी पिशवी उचलून समोरच्या दुकानाकडं वळल्या. चाचांचा चेहरा उतरला. जुनं गिऱ्हाईक चाललं होतं, तेही माझ्यापायी. त्यांनी घाईनं सरकारी शिक्क्याचं पाच किलोचं वजन घेतलं आणि तीच पेंड पुन्हा तोलली. दांडी पुन्हा सरळ.

मावशींनी वाकून पाहिलं. "बरूबर हाय की. मग सरळ वाटंनं जायला काटं टोचत हुतं का?"

चाचांनी वर मूठभर पेंड टाकली. मावशी गेल्या. चाचा मला म्हणाले, "चंदू, हुशारी तुझी, पर गिऱ्हाईक माझं हाय."

सोमवारी साहेबांनी विचारलं, "पटलं?"

"दुकानदाराला पटलं, सर. गिऱ्हाईकाला नाही."

सगळं सांगितलं. साहेब खूप हसले. मग म्हणाले, "चला, आपलं गिऱ्हाईक बघू."

त्यांनी मला मेकॅनिक पवारांच्या टेबलाशी नेलं. माझं नमुन्याचं सर्किट तिथं होतं. वर पत्रा, बाहेर मे महिना. बायनरी सर्किटचा दिवा एक तर पेटलेला, नाही तर विझलेला. माझ्या सर्किटचा दिवा उणेला विझलेला, अधिकला लख्ख आणि शून्याला मिणमिणता. सकाळी तो ठीक होता. दुपारी मिणमिणता दिवा बराच उजळला.

"सायेब," पवार मला म्हणाले, "ह्यो शून्य समजू का अधिक?"

मी मीटरकडं हात नेला. साहेब म्हणाले, "मीटर नको. नुसतं बघून सांगा."

मला सांगता आलं नाही. टोकाच्या दोन अवस्था एकमेकींपासून लांब असतात. उन्हानं थोडं सरकलं तरी चालतं. मधे तिसरी बसवली की सरकायला जागा उरत नाही. प्रस्ताव मीटिंगपर्यंत गेलाच नाही. यंत्र बायनरीच झालं, आणि चांगलं चाललं.

टर्नरीत खोट नव्हती, असं मला अजूनही वाटतं. पण पद्धत कितीही काटकसरीची असो, समोरच्याला ती नुसत्या डोळ्यांनी तपासता आली पाहिजे. हा धडा मला पुण्यात मिळाला असं मी नोकरीत सांगत असे. खरं तर तो खुटबावहून आला होता.

ते नऊ किलोचं वजन चाचांनी टाकलं नाही. दुकानाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला टेकवलं. दाराला अवस्था दोनच, उघडं किंवा बंद. तिथं मात्र त्यानं चोख काम केलं.