चार सुताची सळई

दुष्काळानंतरच्या वर्षी आम्ही सोलापुरात विजापूर रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या बांधायला घेतल्या. स्लॅब रविवारी पडायचा होता. आदल्या सोमवारी मिस्त्रींनी दुकानातून अठ्ठेचाळीस सळ्या आणल्या, प्रत्येकी वीस फुटांच्या. नकाशात लिहिलं होतं तशाच, चार सुताच्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच.

मी गिरणीच्या स्टोअर्समध्ये होतो. लोखंड आलं की आधी कागदावर वजन काढायचं आणि मग काट्यावर बघायचं, ही माझी रोजची सवय. अर्ध्या इंचाची सळई फुटाला तीनशे तीन ग्रॅम भरते. नऊशे साठ फूट, म्हणजे दोनशे एक्क्याण्णव किलो. दुकानाच्या चिठ्ठीवर होते दोनशे साठ.

हिशेब तीनदा केला. मग सळ्या मोजल्या. अठ्ठेचाळीस होत्या. लांबी मापली. बरोबर होती. तरी एकतीस किलो कमी. मंगळवारी रजा टाकून सळ्या हातगाडीवर घालून वखारीच्या काट्यावर नेल्या. काटाही दोनशे साठच म्हणाला.

परत आलो तो तावातच. मिस्त्री बार्शीकडचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. चार गवंड्यांसमोर मी त्यांना विचारलं, "मिस्त्री, माझं एकतीस किलो लोखंड कुठं गेलं?"

"कुटं जाईल? तुमीच मोजलं की."

"मग सळई बारीक आणलीत."

"चार सूतच हाय, सायेब. दुकानात जाऊन इचारा." त्यांनी थापी घमेल्यात ठेवली. "बत्तीस वर्सं सेंट्रिंग केलं. आजवर सळ्या मोजणारे लई भेटले. मला मोजणारे तुमी पयले."

दुकानदाराला मी नकाशा दाखवला. तो हसला. "साहेब, अर्धा इंच आता कोण काढतं? ही बारा एमएम. गिऱ्हाईक चार सूत म्हणतं, म्हणून आम्हीही चार सूतच म्हणतो."

अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटरला थोडं कमी. मापं बदलली होती, शब्द तसाच राहिला होता. नकाशा काढणारे निवृत्त इंजिनिअर इंचातले, आमच्या गिरणीतली यंत्रंही इंचातली, म्हणून मीही इंचातलाच. मिस्त्री खोटं बोलले नव्हते, माझा हिशेबही चुकला नव्हता. तरी घराच्या डोक्यावर दहा टक्के लोखंड कमी पडणार होतं, आणि त्या स्लॅबखाली माझी माणसं झोपणार होती.

इंजिनिअरसाहेब म्हणाले, "सळ्या जवळ घ्या. सहा इंचांवरून सव्वापाचवर आणा. चोपन्न लागतील."

म्हणजे अजून सहा. दुकानदाराकडे बारा एमएमची एक काडी उरली नव्हती, पुढची गाडी कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं. बुधवार आणि गुरुवार मी सायकलवर अख्खं गाव पालथं घातलं. कुठं आठ एमएम होत्या, कुठं सोळा. एका ठिकाणी 'चार सुताच्या आहेत' म्हणून आत नेलं, तर त्या गंजून पापुद्रे सुटलेल्या. मला प्रत्येक सळईचं फुटाचं वजन तोंडपाठ होतं, फक्त सळई नव्हती.

दरम्यान मिस्त्री माझ्याशी एवढंच बोलत. विटा उतरल्या की, "मोजून घ्या." वाळूची घमेली आली की, "मोजून घ्या." बायकोनं चहा पाठवला तर कप माझ्याकडे सरकवून, "पाच हायेत. मोजून घ्या." गवंडी खाली मान घालून हसत. माफी मागायला दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा वाक्य पुरं झालं नाही.

शुक्रवारी ते कामावर आलेच नाहीत. स्लॅब दोन दिवसांवर, आणि मिस्त्री बेपत्ता. मी समजायचं ते समजलो.

शनिवारी दुपारी कांद्याचा रिकामा ट्रक दारात थांबला. मिस्त्री केबिनमधून उतरले. हौद्यात मधोमध वाकवलेल्या सळ्या होत्या. "मोडनिंबात पावण्याचं बांदकाम हाय. त्येच्याकडनं आणल्या. मोजून घ्या."

"मोजायचं काय त्यात," मी म्हणालो.

ते कट्ट्यावर चहाला बसले. मी सळ्यांकडे गेलो. एका टोकाला हात लावला, मग दुसऱ्या.

"किती भरल्या?" त्यांनी बशीतून तोंड न काढता विचारलं.

"सहा."

"हां," ते म्हणाले, आणि उरलेला चहा बशीत ओतला.