मधाची बाटली, तेलाचं माप

माझी रंजीता दहावीपुढे शिकली नाही. लग्न होऊन चामोर्शीला गेली आणि तिथे मोबाईलवर बघून बघून केक करायला शिकली. धनराजने, म्हणजे माझ्या जावयाने, हौसेने छोटा ओव्हन आणून दिला. तेव्हापासून तिची सासू नीलाबाई त्या ओव्हनकडे सवत बघावी तशी बघायची.

नीलाबाई आठवडी बाजारात रानमध आणि मोहाच्या बियांचं तेल विकते. मधाचं माप म्हणजे दारूची रिकामी चपटी बाटली. दारूबंदीच्या जिल्ह्यात ती कुठून येते, हे कुणी विचारत नाही. एक बाटली, पाव किलो मध. सुनेने दुकानात येऊन बसावं, असं तिला वाटायचं. रंजीताला नुसता केकचा ध्यास.

रंजीताच्या नणंदेच्या मुलाचा वाढदिवस आला तेव्हा नीलाबाईने सगळ्यांसमोर सांगितलं, "केक जमला तं ओव्हन राहीन. बिघडला तं इकून टाकीन, अन् तू माह्यासंग बाजारात बसशीन."

धनराज मोबाईलमधून मान वर न काढता "बरं" म्हणाला.

रंजीता एरवी लहान केक गिलासाने मापून करायची. या मोठ्या केकची कृती ग्रॅममध्ये होती. मैदा, साखर पुड्यांवरच्या छापील वजनावरून कळली. दूध आणि तेल अडलं. तिने सासूचा तराजू मागितला.

"तराजूले तेल लावतं काय? ही बाटली घे. पाव किलोचीच हाय."

एवढ्यावर न थांबता नीलाबाईने बाटली मधाने भरून एका पारड्यात ठेवली. दुसऱ्यात तशीच रिकामी बाटली आणि पाव किलोचं वजन. काटा मधोमध.

रंजीताने बाटली धुतली. अर्ध्या किलोला दोन बाटल्या दूध घेतलं, पाव किलोला एक बाटली तेल.

वाढदिवसाला मी गोंडपिपरीहून गेले होते. केक मधोमध तडकलेला. सुरी लावली तर भुगा पडला. पोराने घास थुंकला. नीलाबाईने तुकडा सावकाश चावला.

"विहीणबाई, तुमच्या लेकीनं वीट भाजली. हिले सिमेंटच्या कामावर धाडा."

सगळे हसले. धनराज आधी हसला नाही, मग इतरांकडे बघून हसला. उरलेला केक नीलाबाईने अंगणात शेळीपुढे टाकला. शेळीने हुंगला आणि तोंड फिरवलं. "पाहा, तिले बी समजते," नीलाबाई म्हणाली. रंजीता ताटं उचलत राहिली.

ओव्हन त्याच आठवड्यात विकला गेला.

पुढे बाजाराच्या दिवशी मी पोरीला भेटायला गेले. दोघी सासू-सुना दुकानात बसल्या होत्या. लटारू नावाचा गिऱ्हाईक डबा घेऊन आला, त्याला वजनावर पाव किलो तेल हवं होतं. नीलाबाईने त्याच चपटीने एक बाटली ओतली. मग कुणी न विचारता आणखी अर्धी. डबा पारड्यात ठेवला, पलीकडे डब्याच्या वजनाचा दगड आणि वजन टाकलं. काटा मधोमध.

रंजीताचा हात थांबला.

"आत्याबाई, तेलाले दीड बाटली लागते?"

"हो. मध जड, तेल हलकं. दूध बी मधाइतकं जड नसते. इतकी वर्सं इकून राह्यली मी."

"मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"तू मधाचं वजन पाहून खूश झाली. तेलाचं इचारलं काय?" मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "विहीणबाई, तुम्ही तं कॉलेज शिकल्या ना? पोरीले इतकं बी नाई शिकवलं?"

मी कसंनुसं हसले. पोरगी त्या घरात आहे आणि मी इथे.

तेवढ्यात एक बाई मध मागायला आली. रंजीताने बाटली गळ्यापर्यंत भरली. बाहेर ओघळलेला थेंब बोटावर घेतला आणि बोट तोंडाकडे नेलं.

"चाटू नको. तिच्या मापातला हाय तो," नीलाबाई म्हणाली.

रंजीताने बोट बाटलीच्या काठाला पुसलं आणि बूच लावलं.