गॅरेजातली कोटा फरशी

धम्मदीप मेश्राम माझ्या घरी पहिल्यांदा कामाला आला तेव्हा त्याचे गुडघे शाबूत होते. वीस वर्षं झाली त्याला. मी धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते, रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे, आणि नेमकी तेव्हाच न्हाणीघरात याची ठोकाठोक सुरू व्हायची. दुसऱ्या दिवशी मी अंगावर धावून गेले. तो म्हणाला, "सिस्टर, तुमी झोपा. मी हळू ठोकतो." फरशी हळू ठोकता येत नाही, हे मलाही कळत होतं. पण त्यानं खरंच हळू ठोकली आणि दोन दिवसांच्या कामाला चार दिवस लावले. तेव्हापासून वस्तीत कुणी फरशीवाला विचारला की मी याचंच नाव सांगते. इतरांबद्दल माझं मत विचारू नका, उगाच तोंड खराब होतं.

आता त्याचं वय सेहेचाळीस आहे आणि गुडघे सत्तरीचे. दिवसभर उकिडवं बसायचं, मागे सरकायचं, पुन्हा बसायचं, हा त्याचा धंदा. मी मागं लागून त्याला धंतोलीत माझ्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. धम्मदीप हसला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, उभ्यानं फरशी लागत नाही." बाहेर येऊन मी त्याला झापलं. त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. मीही निवृत्तीच्या दिवसापर्यंत सुजलेल्या पायांनी वॉर्डात फिरलेच होते, तेव्हा जास्त शहाणपण शिकवायला मला तोंड नव्हतं.

त्याची मुलगी भूमिका. सोळा वर्षांची, अंगानं काटक, बोलणं मोजकं. ती हॉकी खेळते. कामठी रोडच्या आतल्या आमच्या वस्तीत हॉकीचं कौतुक जुन्या लोकांना अजून आहे, पण मैदान म्हणाल तर शाळेचं मुरमाड पटांगण. तिचे शिक्षक विश्वनाथ सर. त्यांनी तिच्यात एक गोष्ट हेरली होती. पेनल्टी कॉर्नरला जमिनीवरचा चेंडू स्टिकनं ओढत आणून उचलून गोलात फेकायचा असतो, त्याला ड्रॅग फ्लिक म्हणतात. ते तिच्या मनगटात होतं. फेब्रुवारीत खेळाडूंच्या एका वसतिगृहाची निवड चाचणी होती. निवड झाली असती तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिकडेच, आणि सरावाला खरं हिरवं टर्फ. वयाच्या अटीनं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. सरांनी धम्मदीपला बोलावून स्पष्ट सांगितलं, "मुरमावर चेंडू उड्या मारतो. पोरीला रोज शंभर फ्लिक मारायला गुळगुळीत, सपाट जागा पाहिजे. कुठंही बघ."

तो माझ्याकडे आला. आमचे हे गेल्यावर मी गाडी विकली. गॅरेजात उन्हाळ्याचा कूलर, रद्दी आणि मोडक्या खुर्च्या एवढंच उरलं होतं.

"सिस्टर, तुमचं गॅरेज खाली हाये न?"

"खाली कुठं गा? माझा संसार आहे त्यात."

"तो संसार मी मागच्या खोलीत नेऊन ठेवतो."

नाही म्हणायचं मला सुचलंच नाही. आतल्या भिंतीवर त्यानं जुनी गादी टांगली, खडूनं गोलाची चौकट काढली. राहिली जमीन. गॅरेजात जुना कोबा होता, जागोजागी खवले निघालेला. पहिल्याच दिवशी भूमिकाच्या स्टिकची कड खरवडली आणि एक चेंडू टप्पा घेऊन माझ्या तुळशीच्या कुंडीवर आला.

मग सुरू झाले प्रयोग. आधी लग्नाच्या मंडपात अंथरतात तो हिरवा गालिचा आला. दिसायला अगदी टर्फ. पण चेंडू त्यात असा रुतायचा की भूमिकाच्या मनगटाला कळ लागली. आठ दिवसांत तो गुंडाळला. मग प्लायवूड. त्यावर चेंडू छान सरकायचा, पण आवाज असा की समोरच्या घरातली म्हातारी विचारायला आली, "काय वं शामला, चक्की टाकली का घरात?" शिवाय कूलरच्या कोपऱ्यातली ओल लागून प्लायवूड फुगलं. चकचकीत टाइल्स लावू म्हटलं तर पोरगी पाय घसरून पडेल. आम्ही दोघं संध्याकाळी गॅरेजात उभं राहून जमिनीकडे बघत असायचो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी करणाऱ्या माणसाला आपल्या लेकीसाठी एक जमीन ठरवता येईना. तो पार थकून गेला होता, मीही.

शेवटी तो म्हणाला, "कोटाच टाकतो. बारीक पॉलिश मारतो, पण आरसा नाही करत. चेंडूही सरकन, पायही धरन."

दिवाळीनंतरचे चार रविवार त्यानं त्यात घातले. आठवड्याचे सहा दिवस लोकांची कामं, सातव्या दिवशी हे. भूमिका मसाला कालवून द्यायची, फरश्या उचलून द्यायची, पण एकही फरशी त्यानं तिला बसवू दिली नाही. "हे हात वायल्या कामासाठी हायेत, हॉकीसाठी," म्हणायचा. तो दोरी लावायचा, पाण्याची नळी धरून लेव्हल बघायचा, रबरी हातोडीनं ठोकायचा. सांध्यांतून बोट फिरवलं तर नखही अडकू नये, असं काम. वीस वर्षांत मी त्याचं इतकं देखणं काम पाहिलं नाही.

पहिल्या रविवारी मी बाजाराला निघाले होते. तो दोरी बांधत होता. पिशवी घेऊन गेटपाशी गेले आणि वळून म्हणाले, "धम्मदीप, पाणी साचायला नको हं. मागच्या खोलीसारखं करू नको."

तो म्हणाला, "नाही साचनार, सिस्टर."

एवढंच बोलणं. फरशी घालणाऱ्याला घरातली प्रत्येक बाई हे एक वाक्य सांगतेच. भाजी देणाऱ्याला कोथिंबीर मागावी तसं ते तोंडातून निघतं. मी चालू लागले आणि विसरूनही गेले.

नोव्हेंबरच्या शेवटी सराव सुरू झाला. रोज सकाळी साडेपाचला गेट वाजायचं, मग गादीवर धप्प, धप्प, धप्प. मला त्या आवाजाची सवय झाली. आधी रागावत होते, मग आवाज आला नाही की काळजी वाटायची. ती गेली की मी फरशी धुवायचे. बादलीभर पाणी टाकलं की सरळ गेटाकडे जाऊन नालीत. झाडूसुद्धा लागायचा नाही. मी मनात म्हणायचे, कारागीर असावा तर असा. विश्वनाथ सर एकदाच येऊन गेटातून बघून गेले. गादीला पडलेला खड्डा पाहून खूश झाले.

चाचणीला मीही गेले. धम्मदीपनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि जाळीला धरून उभा होता. टर्फवर ओळीनं दहा चेंडू ठेवले होते. ते एकापाठोपाठ एक उचलून गोलात टाकायचे, मधे गोलकीपर. पहिल्या चेंडूला भूमिकाची स्टिक चेंडूच्या अलीकडेच टेकली आणि नुसतं टर्फ ओढून पुढं गेली. दुसरा टोकाला लागून आडवा गेला. तिसऱ्याला ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा तेच. दहांतले दोन गोलात गेले. बाकीचे असे गेले की निवड करणाऱ्यांनी नुसती वहीत खूण करून पुढच्या मुलीला बोलावलं. ही पोरगी माझ्या गॅरेजात शंभरातले नव्वद एकाच खड्ड्यात मारायची.

दोन दिवसांनी यादी लागली. तिचं नाव नव्हतं.

त्या संध्याकाळी विश्वनाथ सर माझ्याकडे आले. धम्मदीप आणि भूमिका गॅरेजातच होते, गादी काढत होते. सर म्हणाले, "मला एक समजून नाही राहिलं. पाय बरोबर, मनगट बरोबर. पण ही चेंडूची वाट पाहते. ठेवलेला चेंडू काय चालत येणार आहे हिच्याकडे?"

धम्मदीपच्या हातातली गादी खाली पडली. तो गेटाजवळ गेला, कोपऱ्यातला चेंडू उचलला, भूमिका जिथून फ्लिक मारायची त्या जागेच्या पुढं ठेवला आणि हात काढून घेतला. चेंडू क्षणभर थांबला. मग हलकेच निघाला, दोन बोटं, चार बोटं, आणि त्या सुंदर पॉलिशवरून गेटाकडे चालत गेला.

मला माझंच वाक्य आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "मीच सांगितलं होतं तुला. पाणी साचू नको देऊ म्हणून मीच बोलले."

"तुमी काय सिस्टर, सगळेच सांगतेत," तो म्हणाला. "माह्या हातालेच सवय हाये. पार्किंग म्हटली का ढाळ गेटाकडं. चेंडूसाठी घालून राहिलो, हे माह्या ध्यानातच नाही राह्यलं."

सर उठून गेले. जाताना मला म्हणाले, शाळेच्या संघात तर ती खेळेलच. मी होय म्हटलं. वसतिगृह ते वसतिगृह, हे त्यांनाही माहीत होतं.

रविवारी धम्मदीप छन्नी-हातोडा घेऊन आला. मी ओट्यावर उभी होते. त्यानं पहिल्या फरशीच्या कडेला छन्नी लावली तेवढ्यात मागून भूमिका धावत आली.

"बाबा, नका तोडू."

"तिरपी हाये ते."

"मले मालूम हाये."

"आता सगळ्यायलेच मालूम हाये."

"मले पह्यल्या दिवसापासून मालूम हाये," ती म्हणाली.

धम्मदीपनं छन्नी खाली ठेवली. "मंग सांगतलं काहून नाही?"

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशीचा सांधा घासत राहिली. मग म्हणाली, "चौथ्या रविवारी तुमी घरी आले अन् संडासातून उठू नाही शकले. आईनं अन् मी धरून काढलं तुमाले. तुमी भिंतीकडं तोंड करून रडत होते. दुसऱ्या दिवशी मी इथं पह्यला चेंडू ठेवला, तं तो चालाले लागला. तुमाले पुन्हा खाली बसा म्हनू का मी? मले वाटलं, दोन बोटायचा तं फरक हाये. तिथं गेल्यावर मनात धरून घेईन. पन हात आयकलेच नाही."

मी जन्मभर माणसांच्या वेदना पाहिल्या. इंजेक्शनं दिली, जखमा बांधल्या, मेलेल्यांचे डोळे मिटले. पण तेव्हा ओट्याच्या पायरीवर मी बसून घेतलं.

धम्मदीप तिच्यावर ओरडला नाही. मला वाटलं होतं ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलला.

"भूमिका, हे घुटने लोकायच्या संडासात बसून बसून घासले मी. वीस-पंचवीस वर्सं. कोनी म्हटलं नाही का बस कर. अन् जेव्हा तुयासाठी घासाची पाळी आली, तं तू वाचवून ठेवले. काहाले वं? कोनासाठी वाचवले ते?"

ती रडायला लागली. निवड झाली नाही त्या दिवशीही ती रडली नव्हती. त्यानं तिला जवळ घेतलं नाही, फरशीवर बसूनच म्हणाला, "घरी जा. आईले सांग, मी येतो."

ती गेल्यावर मी म्हटलं, "तोडून टाक रे ती. माझ्या जिवाला बरं वाटेल."

"राहू द्या सिस्टर," तो म्हणाला. "चांगली फरशी हाये. तुमचं पानी जाते न बाहेर?"

जातं, मी म्हटलं. त्यानं हत्यारं पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी त्याला कोराडीच्या एका क्वार्टरमध्ये न्हाणीघराची फरशी बसवायला जायचं होतं.