नळ बोलायला लागला

प्रार्थनेसाठी मी पाण्याच्या टाकीत जाऊन बसले, यात माझ्या मते वेडेपणा काहीच नव्हता. टाकी रिकामी होती.

झालं असं, की आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी सांगितलं, रोज थोडा वेळ देवाजवळ एकटं बसत जा. दार लावून घ्या, मोबाईल लांब ठेवा आणि मनात असेल ते बोला. मला ते फार लागलं. कारण मी देवाशी बोलायचे ती भाकरी थापताना. ‘हे प्रभू’ म्हणेपर्यंत तवा तापायचा आणि ‘आमेन’ म्हणेपर्यंत भाकरी करपायची. त्यात मी लाजरी. बायकांच्या प्रार्थनासभेत माझी पाळी आली की मी नुसतं ‘आमेन’ म्हणायचे. (तेही सगळ्यांच्या आवाजात मिसळून, म्हणजे वेगळं ऐकू येऊ नये.)

पण दार लावायचं तर आधी दार हवं. मुकुंदवाडीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, मध्ये दार नाही, पडदा आहे. पुढच्या खोलीत टीव्ही आणि मागच्या खोलीत आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, फुलंब्रीकडच्या. मनानं सोनं, पण सकाळी त्यांचे डोळे उघडायच्या आधी तोंड उघडतं. मी जरा डोळे मिटून बसले की झालं.

“शालन, डोकं दुखायलंय का?”

“नाही आत्याबाई, प्रार्थना करतेय.”

“बरं बरं, कर. मी काय बोलत नाय. तेवढं मेथीचं काय करायचं ते सांग.”

न्हाणीघरात बसून पाहिलं. बाहेरून आमचे हे कडी वाजवायला लागले, “अगं, कंपनीची बस जाईल माझी. देवाला म्हणावं, मी गेल्यावर ये.”

मग एकदा मी स्टेशनवर गेले. आमचं स्टेशन लहान, गाड्या थोड्या, बाकं रिकामी. पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले, आणि इतकी शांतता बघून मला चक्क रडू आलं. घरी पोचेपर्यंत गल्लीत बातमी तयार होती, की शालन सासूशी भांडून माहेरी निघाली होती, पण गाडी चुकली.

आत्याबाई मला काही बोलल्या नाहीत. आत्याबाई बोलल्या नाहीत, म्हणजे गोष्ट किती पुढे गेली होती बघा. त्या दिवसापासून त्या माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघायच्या आणि उसासा टाकायच्या. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. शांतता मिळवायला निघाले होते, आणि घरात भलतीच शांतता घेऊन आले.

आता टाकीचं. आमच्याकडे नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, ते कधी येईल हे एक देवालाच ठाऊक. मोरीतल्या नळाला रस्त्यावरची लाइनही जोडलेली आहे आणि गच्चीवरच्या टाकीचा पाइपही. पाणी यायच्या आधी त्या नळातून हवा सुटते, गुरगुर होते. त्याला आमच्या गल्लीत ‘नळ बोलायला लागला’ असं म्हणतात. नळ बोलला, की हातातलं टाकून मोटरच्या बटणाकडे पळायचं, हा गल्लीचा नियम. लग्नाच्या पंगतीतूनही लोक उठून पळालेले मी पाहिलेत.

टाकी धुवायचं काम माझ्याकडे, कारण तिच्या तोंडातून आत जाईल अशी घरात मी एकटीच. त्या सकाळी टाकी धुतली, पुसली, आणि आत बसल्या बसल्या लक्षात आलं, की इथे टीव्ही नाही, मेथी नाही, कंपनीची बस नाही. आणि डोक्यावर झाकण आहे. म्हणजे दारच की! खाली जाऊन पिशवीत घालून शास्त्र, म्हणजे माझं बायबल, घेऊन आले. झाकण अर्धं ओढलं, हात जोडले आणि म्हटलं, “हे प्रभू.”

आणि दचकले. आवाज असा घुमला, की वाटलं पाळकसाहेबच आत येऊन बसलेत. जन्मात पहिल्यांदा मला माझा आवाज आवडला. मग काय, लाज सुटली.

“प्रभू, शेजारच्या शबानाभाभीचे गुडघे बरे कर. ह्यांची तंबाखू सोडव, पुडी चपलांच्या खोक्यात असते. आणि आत्याबाई…”

तेवढ्यात टाकीच्या तळातून खोल, जाड आवाज आला, “कोन हाय?”

माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी बोलत होते, पण तिकडून कधी कुणी विचारलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, “प्रभू, मी शालन.”

“शालन? काय झालं तुला?”

“तुला सगळं ठाऊकच आहे.”

“मला काय बी ठाऊक नाय. नीट सांग.”

देव फुलंब्रीकडचं बोलतो याचं मला नवल वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. मला आपलं वाटायचं, तो पाळकसाहेबांसारखं शुद्ध बोलत असेल आणि माझी पंचाईत होईल.

आवाज पुन्हा आला, या वेळी जरा अडखळत. “सासूचा तरास हाय का तुला?”

“त्रास नाही, प्रभू. त्यांना फक्त सकाळी थोडा वेळ गप्प बसव. पण थोडाच. त्या कायमच्या गप्प झाल्या तर घर मला खायला उठेल. माझी आई गेल्यापासून मला ‘जेवलीस का’ असं विचारणारं माणूस तेवढंच आहे. मी माहेरी निघाले नव्हते रे. नुसती बसले होते. एवढं त्यांना कुणीतरी सांग.”

 मग तळातून नाक ओढल्याचा आवाज आला. देव रडतो, हे मला नवीन होतं.

आणि मग एकदम मोठ्यानं, “सुधाकर! आरं पळ, नळ बोलायलाय! शालनच्या आवाजात बोलायलाय!”

सुधाकर म्हणजे आमचे हे. देवाला यांचं नाव ठाऊक आहे याचा मला आनंद होतोय न होतोय, तोच खाली ह्यांनी ‘नळ बोलायलाय’ एवढेच दोन शब्द ऐकून गल्लीच्या नियमाप्रमाणे मोटरचं बटण दाबलं. दारातल्या हौदात जपून ठेवलेलं सगळं पाणी वर चढलं आणि माझ्या डोक्यावर कोसळलं.

माझा बाप्तिस्मा लहानपणी चार थेंब शिंपडून झाला होता. उरलेला त्या दिवशी झाला.

एका हातानं शास्त्राची पिशवी वर धरून मी टाकीच्या तोंडातून डोकं काढलं. शेजारच्या गच्चीवर शबानाभाभी पापड वाळत घालत होती. तिच्या हातातला पापड तसाच राहिला.

“क्या भाभी, अंदर क्या करते तुम?”

“टाकी धुतेय.”

“अंदर बैठ के? साबण-वाबण कुछ नहीं, पिशवी पकड़ के?”

मी खाली आले. मोरीत आत्याबाई उभ्या होत्या, माझ्याइतक्याच भिजलेल्या. नळाला तोंड लावून बोलत होत्या, तेव्हा टाकीतलं पाणी उलट त्यांच्याच तोंडावर आलं होतं. आमचे हे दोघींकडे बघत म्हणाले, “घरात थेंबभर पाणी नाही, आणि तुम्ही दोघी आंघोळी करून मोकळ्या?” (तंबाखूच्या पुडीचंही नळातून खाली पोचलंय, हे त्यांना अजून कळायचं होतं.)

आत्याबाईंनी टॉवेल घेतला आणि स्वतःच्या आधी माझं डोकं पुसायला लागल्या. चांगलं खसाखसा. पुसता पुसता एवढंच म्हणाल्या, “येडे, खाली येऊन सांगायचं व्हतंस की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टीव्हीचं बटण स्वतः बंद केलं, खुर्ची ओढली आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या.

“जा, आत बस. दार नाय, पर मी हाय ना.”

तेव्हापासून रोज मला एकांत मिळतो. आत्याबाई अगदी गप्प असतात. फक्त कुणी आलं, की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतात, “हळू बोला रे, आमची शालन देवाशी बोलायलीय!” आणि मी उठले की विचारतात, “माझं नाव घेतलंस ना?” शबानाभाभीही गुडघ्यांची आठवण भिंतीपलीकडून करून देते.

प्रार्थनासभेतही मी आता ‘आमेन’च्या आधी चार वाक्यं मोठ्यानं बोलते. फक्त सुरू करण्याआधी पदर डोक्यावरून चांगला घट्ट ओढून घेते. बायका म्हणतात, केवढी भक्ती आहे हिची. आता त्यांना कसं सांगू, की मी पाण्याच्या तयारीत असते.